टोक खाली पडू द्यायचं नाही

उजव्या हाताच्या अनामिकेचं शेवटचं पेर एका रविवारी संध्याकाळी खाली पडलं, ते वर येईना. निमित्त म्हणावं तर गादीवर चादर घालण्याचं. आमचा पलंग भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्या बाजूची चादर खोचताना हात चेपूनच आत घालावा लागतो. बोटं ताठ करून चादर सारली आणि अनामिकेचं टोक गादीच्या शिवणीला अडकून आत दुमडलं. टचकन काहीतरी झालं. दुखलं, पण ओरडण्याइतकं नाही. हात बाहेर काढला तर बाकीची बोटं सरळ आणि अनामिका टोकाशी वाकलेली. डाव्या हाताने टोक उचललं की वर जायचं, सोडलं की पुन्हा खाली.

घरात तीन मतं झाली. सासूबाई म्हणाल्या, "शीर सरकली असेल, तेल कोमट करून चोळून देते." यांचं म्हणणं, "आज रविवार आहे, उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांना दाखवू." मुलाने फ्रीजमधला बर्फ रुमालात गुंडाळून आणला आणि म्हणाला, "आई, चोळू मात्र देऊ नकोस." सासूबाईंच्या हाताला गुण आहे, चाळीतल्या कितीतरी जणांचे मुरगळलेले पाय त्यांनी बरे केले आहेत. पण मुरगळलेलं बोट दुखतं म्हणून हलवता येत नाही. माझं फारसं दुखत नव्हतं, तरी हलत नव्हतं. हे काहीतरी वेगळं आहे एवढं मला कळत होतं. आम्ही लालबागला राहतो, परळची मोठी रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर. मी शाळेत शिकवते, दिवसभर हातात खडू नाहीतर लाल पेन. उजवा हात सोमवारवर ढकलायची माझी तयारी नव्हती. बर्फ धरूनच निघालो.

रविवारी रात्रीच्या कॅज्युअल्टीत अपघाताचे पेशंट एकामागून एक येत होते, छातीत दुखतंय म्हणून एका काकांना स्ट्रेचरवरून आत नेलं. त्यांच्यामागे वाकड्या बोटाचा नंबर लागणं रास्तच होतं. केसपेपर काढून बाकावर बसलो. तेवढ्यात तिथल्या सिस्टर माझा हात बघून थांबल्या. "मावशी, अंगठी काढा आधी. सूज अंगठीपर्यंत आली तर ती कापावी लागेल."

अंगठी आईची, कित्येक वर्षांत बोटातून निघाली नव्हती. साबण लावला तरी मधल्या सांध्यावर अडकली. मग सिस्टरनी टाक्यांचा जाड दोरा घेतला. त्याचं एक टोक चिमट्याने अंगठीखालून तळहाताकडे ओढून घेतलं आणि उरलेला दोरा अंगठीला लागूनच सुरुवात करून मधल्या सांध्याच्या पुढेपर्यंत बोटावर घट्ट गुंडाळत नेला, एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटून, मध्ये जराही कातडी दिसणार नाही असा. दोऱ्याखाली बोट दबून बारीक झालं. मग तळहाताकडचं टोक धरून त्या दोरा उलगडू लागल्या. एक वेढा सुटला की अंगठी तेवढीच पुढे सरकायची. सांधा ओलांडला तसं त्यांनी दुसऱ्या हाताने बोटाचं टोक खालून उचलून धरलं आणि अंगठी अलगद काढून यांच्या हातात दिली. टोक उचलून धरणं किती महत्त्वाचं होतं हे मला पुढच्या तासाभरात कळणार होतं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

बाकावर शेजारी विशीतला एक मुलगा बसला होता, परळच्याच एका मंडळाकडून कबड्डी खेळणारा. चढाईला आलेल्या गड्याची जर्सी याने पकडली, तो हिसका देऊन सुटला आणि याच्या बोटात कळ गेली. त्याचीही अनामिकाच. मला म्हणाला, "काकी, माझं तर सरळ आहे, पण मूठ बघा." त्याने मूठ वळली. बाकीची बोटं तळहातात गेली, अनामिकाही मधल्या सांध्यात वाकली, पण तिचं टोक ताठच राहिलं. माझं वर जात नव्हतं, त्याचं खाली जात नव्हतं. दोघांची बोटं सारखीच सुजलेली.

ड्यूटीवरचे ऑर्थोचे रेसिडेंट डॉक्टर तरुण होते. आधी नीट विचारून घेतलं, कसं लागलं, बोट तेव्हा ताठ होतं की वाकलेलं, धक्का कुठून बसला. चादरीचं ऐकून त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाले, "चादर खोचताना होतं, मोजा ओढून काढताना होतं, चेंडू टोकावर बसला की होतं. टोक ताठ असताना अचानक दुमडलं की झालं."

मग त्यांनी जे केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझं बोट आज सरळ आहे याचं अर्धं श्रेय त्या काही मिनिटांना आहे. त्यांनी माझं मधलं पेर दोन बोटांत घट्ट धरलं, म्हणजे त्याच्या खालचं काही हलूच नये. "आता फक्त टोक वर उचला." हलेना. त्यांनी स्वतः उचललं, ते पूर्ण वर गेलं. "हे चांगलं आहे. उचलल्यावर जातंय, म्हणजे सांध्यात काही अडकलेलं नाही." मग स्वतःचं बोट खाली धरून, "आता दाबा." ते जमलं. मग माझं बोट टेबलाच्या कडेवरून मधल्या सांध्यात काटकोनात वाकवलं आणि मधलं पेर सरळ करायला सांगून वरून हाताने रोखून धरलं. तिथे जोर होता. नख दाबून सोडलं, पांढरं झालेलं परत गुलाबी होतं का पाहिलं. डोळे मिटायला लावून टोकाच्या दोन्ही कडांना कापसाने स्पर्श केला. नखाच्या मुळाशी कुठे रक्त साकळलंय का, चामडी फाटलीय का, तेही पाहिलं. "एकेक सांधा सुटा तपासावा लागतो, मावशी. सगळं बोट एकदम हलवायला लावलं की आत काय तुटलंय ते लपून राहतं."

एक्स-रे फक्त त्या बोटाचा काढला, समोरून आणि अगदी बरोबर बाजूने. अख्ख्या हाताचा बाजूने काढला तर बोटं एकमेकांवर येतात आणि हाडाचा बारीक टवका दिसतच नाही. माझं हाड शाबूत होतं. तुटला होता तो टेंडन.

एक्स-रे दाखवत डॉक्टरांनी समजावलं. बोटात स्नायू नसतातच. बोट हलवणारे स्नायू हाताच्या तळव्यात आणि कोपराखालच्या भागात असतात, तिथून दोऱ्या निघून पेरापेरांना जोडलेल्या असतात. त्या दोऱ्या म्हणजे टेंडन. तळहाताकडून येणाऱ्या बोट वाकवतात, पाठीवरून येणाऱ्या सरळ करतात. पाठीवरची दोरी शेवटच्या हाडाला जिथे लागते तिथे ती जेमतेम एखादा मिलिमीटर जाडीची चपटी पट्टी झालेली असते. तीच निसटली होती. खालून ओढणारी दोरी धडधाकट, वरून सावरणारी तुटलेली, म्हणून टोक खाली. या दुखापतीला मॅलेट फिंगर म्हणतात.

हाडाचा मोठा तुकडा, म्हणजे सांध्याच्या पृष्ठभागाच्या एक तृतीयांशाहून मोठा, सोबत निघाला असता, किंवा शेवटचं हाड तळहाताच्या बाजूला घसरलं असतं, किंवा वरची कातडी फाटून जखम उघडी असती, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता. "तुमचं यातलं काही नाही. ऑपरेशन नको, पट्टी पुरे."

ऐकून मला हायसं वाटलं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, ऑपरेशन नाही म्हणजे सोपं आहे असं नाही. ऑपरेशन असतं तर मी केलं असतं. हे तुम्हालाच करायचंय. आठ आठवडे टोक एकदाही खाली पडू द्यायचं नाही. झोपेत नाही, आंघोळीत नाही, पट्टी बदलताना नाही. एकदा पडलं की आठ आठवडे पहिल्यापासून मोजायचे."

एकदाही का नाही, हे मी विचारलं. शिक्षिकेची सवय. त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. टोक वर असतं तेव्हाच तुटलेला टेंडन आपल्या जागेला टेकतो. टेकलेल्या जागी नवं, मऊ ऊतक भरत जातं आणि पुढच्या आठवड्यांत ते घट्ट होतं. टोक पडलं की ते भरत आलेलं ताणतं किंवा सुटतं. आणि इथे मापं फार बारीक आहेत. टेंडन एक मिलिमीटर जरी लांब जुळून आला, तरी टोक सुमारे २५ अंश खाली राहतं. एक मिलिमीटर म्हणजे माझ्या लाल पेनाच्या रेघेची जाडी. त्या आकड्याने मला जे समजलं ते नुसत्या ताकिदीने समजलं नसतं. प्रत्येक पेशंटला तो सांगायला हवा.

मग पट्टी. अॅल्युमिनियमची बोटभर पट्टी, एका बाजूला निळा स्पंज. कात्रीने कापून कडा वळवल्या, म्हणजे टोचायला नकोत. टोक सरळपेक्षा किंचित वर राहील असा बाक दिला आणि चिकटपट्टीने बांधली, फक्त शेवटच्या सांध्याभोवती. मधला सांधा मुद्दाम मोकळा ठेवला. "तो वाकवत राहायचं, नाहीतर चांगला सांधाही आखडेल." दुसऱ्या एका दुखापतीत, मधल्या सांध्यावरचा टेंडन तुटतो तेव्हा, नेमकं उलटं करतात असं त्यांनी सांगितलं. मधला सांधा सरळ बांधून ठेवायचा आणि टोक हलवत राहायचं. म्हणजे सुजलेलं बोट दिसलं की गुंडाळली पट्टी, हा उपचार नव्हे. कुठला सांधा धरायचा आणि कुठला सोडायचा, हे आधी ठरायला हवं, आणि ते ठरतं त्या सुट्या सुट्या तपासणीतून.

त्या कबड्डीवाल्या मुलाचं उदाहरण तर डोळ्यांसमोरच होतं. त्याचंही मधलं पेर धरून टोक वाकवायला सांगितलं, हललं नाही. डॉक्टर लगेच उठून वरिष्ठांना फोन करायला गेले. बोट वाकवणारा टेंडन हाडापासून तुटला की तो तळहाताकडे मागे ओढला जातो, आखडत जातो, त्याचा रक्तपुरवठाही तुटतो. पट्टीने तो जागेवर येत नाही. शस्त्रक्रिया लागते आणि ती आठ-दहा दिवसांच्या आत व्हावी लागते, नंतर तो बऱ्याचदा जागेपर्यंत पोचत नाही. मुलाचे वडील म्हणत होते, स्पर्धा संपू दे, मग बघू. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं आणि त्याला भरती करून घेतलं. एकच बाक, दोघांची अनामिका, दोघांची सूज सारखी. मी पट्टी घेऊन घरी गेले आणि त्याचा रस्ता ऑपरेशन थिएटरकडे गेला. तपासणी घाईत झाली असती तर दोघांनाही क्रेप बँडेज मिळालं असतं, आणि तो मुलगा बोटाचं टोक वाकवण्याला मुकला असता.

पुढच्या ओपीडीत मला ऑक्युपेशनल थेरपी विभागात पाठवलं, म्हणजे हात पुन्हा रोजच्या कामाला लागावा म्हणून पट्ट्या आणि व्यायाम देणाऱ्या विभागात. अॅल्युमिनियमची पट्टी पहिल्या काही दिवसांची, आठ आठवड्यांसाठी बोटाच्या मापाची हवी. तिथल्या थेरपिस्ट ताईंनी पांढऱ्या प्लास्टिकचा लहान तुकडा कापून गरम पाण्यात टाकला. साधारण ७० अंशांच्या पाण्यात ते प्लास्टिक मऊ होतं. पाण्यातून काढून, पुसून, सोसवेल इतकं निवाल्यावर माझ्या बोटावर ठेवलं आणि टोक वर धरून अंगठ्याने दाबत राहिल्या. काही मिनिटांत ते बोटाचा आकार घेऊन कडक झालं. ही बोटाच्या मापाची पट्टी म्हणजे स्प्लिंट. मग त्यांनी सांध्यावरची कातडी पाहिली. टोक फार मागे वाकवलं की तिथली कातडी पांढरी पडते, रक्त पोचत नाही, जखम होते. माझी थोडी पांढरट दिसली, तर त्यांनी प्लास्टिक पुन्हा पाण्यात टाकून बाक कमी केला. दोन-तीन अंशांचा फरक असेल. त्यासाठी त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं.

काम करता करता त्यांनीच सांगितलं की भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० साली इथेच परळला, केईएममध्ये सुरू झालं आणि ते सुरू केलं कमलाबाई निंबकरांनी, अमेरिकेत जन्मून लग्नानंतर इथल्या झालेल्या. केईएमवरून मी लहानपणापासून जाते-येते, मला हे माहीत नव्हतं. शस्त्रक्रिया करणाऱ्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. माणसाचा हात पुन्हा कामाला लागावा म्हणून पट्ट्या बनवणाऱ्या, व्यायाम शिकवणाऱ्या या लोकांची नावंही तितकीच तोंडी असायला हवीत.

ताईंनी यांनाही आत बोलावलं. पट्टी काढून कातडी धुणं-पुसणं रोज लागणार, आणि ते एका हाताने करणं धोक्याचं. पद्धत अशी. टेबलावर हात पालथा ठेवायचा, बोट टेबलाला चिकटून सपाट. टेबलच टोकाला आधार देतं. मग चिकटपट्टी सोडवायची, स्प्लिंट पुढच्या बाजूने सरळ ओढून काढायची. बोट उचलायचं असेल तर दुसऱ्याने आधी खालून अंगठा लावायचा, मग उचलायचं. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, थोडा वेळ टेबलावरच हवा लागू द्यायची आणि तशीच स्प्लिंट परत सरकवायची. ताईंनी यांच्याकडून दोनदा करून घेतलं. दुसऱ्या वेळी माझं टोक किंचित लवतंय असं वाटताच त्यांनी यांचा अंगठा धरून पुढे सरकवला. "काका, अंगठा टोकाखाली, सांध्याखाली नाही."

मुंबईचा पावसाळा या उपचाराला अजिबात अनुकूल नाही. हवाच ओली. स्प्लिंटखाली घाम, वर पावसाचे थेंब, शाळेतून घरी येईपर्यंत कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी आणि मनगटाला रबर. छत्री डाव्या हातात. बसमध्ये वरचा दांडा डाव्या हाताने, गर्दीच्या वेळी उजवा हात पदराखाली छातीशी. संध्याकाळी घरी आलं की पहिलं काम टेबलावर हात पालथा. हे चहाही त्यानंतर घ्यायचे. एका संध्याकाळी कातडीवर लाल चट्टा दिसला, दुसऱ्या दिवशी थेरपी विभागात गेले, त्यांनी स्प्लिंटच्या आतली एक कड घासून गुळगुळीत केली आणि दिवसातून दोनदा हवा द्यायला सांगितलं. सूज उतरल्यावर तीच स्प्लिंट सैल पडली. तेव्हाही गेले, नवी करून घेतली. सैल स्प्लिंटमध्ये टोक आतल्या आत लवतं आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. थेरपी विभागाच्या चकरा टाळून हा उपचार होत नाही.

दुखणं पहिल्या आठवड्यातच थांबलं होतं आणि खरा कसोटीचा काळ तिथून सुरू झाला. दुखतं तोवर माणूस बोट जपतो. दुखायचं थांबलं की घरातलेच विचारू लागतात, "अजून किती दिवस? काढून बघ की जरा, उचलतंय का." मलाही रोज वाटायचं, एकदा बघावं. पण बघायला गेलं की बरं होत आलेलं तुटतं. फळ्यावर लिहिता येत होतं, मधला सांधा मोकळा असल्याने खडू धरता यायचा. भाकरी थापणं बंद, विळीवर बसणं बंद. पीठ मळायचं काम मुलाकडे गेलं आणि तो ते बरं करू लागला.

गणपती त्याच आठवड्यांत आले. लालबागला राहून गणपतीत हात बांधून बसणं काय असतं हे आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. मोदकाच्या पारीला कळ्या पाडायला बोटांची टोकंच लागतात, अंगठा, तर्जनी आणि त्यांना आधार द्यायला बाकीची. उकड मळायची म्हणजे गरम पीठ, पाणी, जोर. सगळंच वर्ज्य. मी सारण केलं, डाव्या हाताने ढवळून. कळ्या जाऊबाईंनी पाडल्या. मोठ्या पाडल्या, मोदक कमी झाले, पण एकही फुटला नाही. सासूबाई, ज्यांना पहिल्या दिवशी बोट चोळायचं होतं, त्याच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होत्या, "तिच्या हाताला हात लावू नका, टोक पडेल."

आठ आठवड्यांनी थेरपिस्ट ताईंनी स्प्लिंट काढली आणि अंगठा न लावता म्हणाल्या, "धरून ठेवा." टोक हवेत राहिलं. थरथरत होतं, पण राहिलं. मला रडूच आलं. ताईंनी कोनमापकासारखं छोटं यंत्र सांध्यावर ठेवून मोजलं. सरळ रेषेपेक्षा पाच अंश खाली. एवढं बऱ्याच जणांचं राहतं, कामाला अडत नाही.

उपचार तिथे संपत नाही, हेही सांगायला हवं. रात्रीची स्प्लिंट आणखी काही आठवडे चालू ठेवायची असते, आणि दिवसा वाकवण्याचा व्यायाम फार हळू वाढवायचा असतो. पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस अंशच. ताईंनी तेवढाच बाक असलेला प्लास्टिकचा तुकडा दिला होता, टोक त्याला टेकलं की थांबायचं आणि परत सरळ करायचं. सरळ करताना कमी पडू लागलं, तर वाकवणं थांबवून स्प्लिंट परत दिवसभर. मूठ पूर्ण वळावी म्हणून दुसऱ्या हाताने टोक दाबायचं नाही, कुणाला दाबू द्यायचं नाही. बोट ताठरलेलं असतं, वाटतं एकदा दाबलं की सुटेल. महिना-दीड महिन्यात ते आपणच सुटलं. सांध्यावर बारीक टेंगूळ राहिलं आहे, सकाळच्या गारव्यात थोडं ठणकतं. हे कमी व्हायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

स्वतःचं बोट बांधलेलं असताना मला इतरांची बोटं दिसू लागली. आमच्याच मजल्यावरचे एक काका तरुणपणी कांगा लीगमध्ये खेळलेले. १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात खेळली जाणारी ती क्रिकेटची लीग. ओला, जड चेंडू झेलताना बोटांना काय होत असेल ते त्यांच्या हाताकडे पाहिलं की कळतं. उजव्या करंगळीचं टोक खाली आणि मधला सांधा वरच्या बाजूला उलटा वाकलेला, हंसाच्या मानेसारखा. टोकाचा टेंडन सुटला की सगळी ओढ मधल्या सांध्यावर येते आणि वर्षानुवर्षांनी असा बाक पडतो. काका म्हणाले, "तेव्हा कुणी डॉक्टरकडे जायचं नाही. चिकटपट्टी लावायची आणि पुढचं षटक." त्यांना त्याचं काही वाटत नाही, पण मला वाटतं. ऑपरेशन नको, महाग औषध नको, एक पट्टी आणि आठ आठवडे, एवढाच उपचार होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. उशिरा आलेल्यांनाही, अगदी काही आठवड्यांनी आलेल्यांनाही, बऱ्याचदा पट्टीचा उपयोग होतो असं मला ओपीडीत सांगण्यात आलं. म्हणून आता कुणाचं बोट टोकाशी लवलेलं दिसलं की मी विचारतेच, केव्हाचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत सातवीतल्या एका मुलीच्या मधल्या बोटावर थ्रोबॉल बसला. वर्गात आली तेव्हा टोक लोंबत होतं आणि ती हसत सांगत होती, "बाई, दुखत नाही." मी तिचं मधलं पेर धरून टोक उचलायला सांगितलं. मग तिचं बोट एका पट्टीवर सपाट बांधलं आणि तिच्या आईला बोलावून त्याच दिवशी दोघींना रुग्णालयात पाठवलं. लहान मुलांत हाडाच्या वाढीच्या जागेलाच चीर जाऊन नखाचं मूळ निसटलेलं असू शकतं, ते वरून याच दुखापतीसारखं दिसतं आणि त्याला वेगळा, तातडीचा उपचार लागतो. म्हणून एक्स-रे व्हायलाच हवा होता. तिचं तसं नव्हतं, टेंडनच होता. स्प्लिंट मिळाली.

दोन आठवड्यांनी आईचा फोन आला, "बाई, आता अजिबात दुखत नाही म्हणते. काढू का?" मी नाही म्हटलं आणि शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. आईला पट्टी बदलायची भीती वाटत होती, म्हणून ती बदलतच नव्हती, आतली कातडी भिजून पांढरी झाली होती. घरात टेबल नव्हतं. पाटावर हात पालथा ठेवून दाखवलं, अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं, मग आईकडून करून घेतलं. पाटावरही नीट जमतं. पुढच्या सोमवारी त्यांना थेरपी विभागात तपासून घ्यायला सांगितलं आहे. तिचे सहा आठवडे अजून बाकी आहेत.